सात नंबरची पाऊसबाग

सात नंबरची पाऊसबाग यंदाही श्रावणात गाळ उपसू देत नव्हती. शालनने विचारलं, की बागेतल्या खांबावरच्या कर्ण्यातून उत्तर येई, "अजून न्हाई," आणि तेही तिच्या आईच्या तरुणपणच्या आवाजात.

बावीस वर्षं सगुणाबाईंनी गल्लीचं पावसाचं पाणी या खोलगट बागेच्या मातीत जिरवलं होतं, आणि मातीतले सेन्सर आणि खांबावरचं यंत्र त्यांचं बघून, ऐकून शिकलं होतं. आता सगुणाबाईंना पोटच्या मुलीचं नावही आठवत नव्हतं. त्यांच्या जागी लागलेल्या शालनला वाटे, आईचा आळसच यंत्रानं उचललाय. दुपारी पालिकेचे साहेब यंत्राची ही खोड पुसून गाळ उपसणार होते.

त्याआधी ती आईला बागेवर घेऊन आली. लव्हाळ्याखाली वीतभर पाण्यात ढग हळूहळू सरकत होते. सगुणाबाईंनी काठावर बसून पाण्यात हात सोडला.

"आई, गाळ काढू?"

"अजून न्हाई," त्या म्हणाल्या. खांबही तेच म्हणाला. मग यंत्राला कधीच न सांगितलेलं त्या पुटपुटल्या, "शेपट्या गळू देत."

त्यांच्या बोटांमधून बेडकांची काळी पिल्लं पोहत होती.

शालनने साहेबांना फोन लावून पंधरा दिवस मागून घेतले.

"कोणाची गं तू?" सगुणाबाईंनी कौतुकानं विचारलं.

शालन लहानपणी डबा घेऊन यायची, तेव्हा येणारेजाणारे हेच विचारत. उत्तर मात्र आईच देई. खांबावरून तो तरुण आवाज आला.

"माझी हाय."