दुसरं तोंड

“मला माहितीये वाट,” म्हणत सहा वर्षांची पोरगी बाइंडिंगवाल्या काकूंच्या हाताखालून सरळ आत शिरली. पुठ्ठ्यांचे गठ्ठे, खळीचं पातेलं, पुस्तकं दाबायचं यंत्र, सगळं ओलांडून ती मागच्या खोलीत गेली आणि खिडकीखालच्या पलंगावर मांडी घालून बसली. सात वर्षांत त्या पलंगावर कोणी बसलं नव्हतं. काकूंनी बसू दिलं नव्हतं.

दारात पोरीची आई उभी होती, हातात पोरीचे बूट. “तीन महिने झाले,” ती म्हणाली. “बस तुमच्या दुकानावरून गेली, त्या दिवसापासून धोशा लावलाय. ‘माझी आई तिथे राहते, मला तिथे सोडा.’ मला मावशी म्हणते. माझ्या हातचं जेवत नाही. डॉक्टर झाले, सगळं झालं. शेवटी म्हटलं, तुम्हालाच विचारावं.”

काकूंची लेक गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तेव्हापासून त्यांचं देवाकडे एकच मागणं: कुठल्याही रूपात पाठव, पण पाठव. आता त्यांना हे खरं वाटेना, आणि खोटं म्हणायचा धीरही होईना.

त्या एकेक विचारत गेल्या. लेकीचा आवडता रंग? पोरगी चुकली. जिवलग मैत्रिणीचं नाव? चुकली. हनुवटीवरची खूण कशाची? “कात्रीची.” बरोबर! पण कात्र्या इथे जागोजागी पडलेल्या, कोणीही सांगेल. मन घटकेत हो म्हणे, घटकेत नाही.

“बरं, त्या दिवशी घरातून निघताना मी तुला काय म्हणाले होते?” त्यांनी शेवटचं विचारलं. ते भांडण चार भिंतींच्या आत झालं होतं. लेक तणतणत बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच ट्रकखाली आली.

पोरगी पलंगाच्या कडेवर नखाने ओरखडे काढत होती. “तू म्हणालीस, परत तोंड दाखवू नकोस. म्हणून मी दुसरं तोंड घेऊन आले.”

काकूंचे शब्द अगदी हेच होते. चिडली की कुठलीही आई हेच बोलते, त्यांनी मनाला समजावलं. मनाला पटेना. हात आपोआप पुढे झाले. तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. तिथली बाई रडत नव्हती. बूट छातीशी धरून जागच्या जागी थिजली होती. लेक हातची गेलेली बाई कशी दिसते, ते काकूंना आरशात बघून बघून पाठ होतं.

त्यांनी हात मागे घेतले.

“चूक,” त्या म्हणाल्या. “असलं काही मी म्हणालेच नव्हते. तू माझी नाहीस, बाळा. तुझी आई ती बघ, दारात उभी आहे.”

पोरगी भांबावली. कधी इकडे, कधी तिकडे बघत राहिली आणि मग तिने भोकाडच पसरलं. आईने कडेवर घेतलं. बऱ्याच वेळाने, हुंदके ओसरल्यावर, ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “आई, भूक लागली.”

निघताना आईने हळूच खुणावलं, तशी पोरगी वळून म्हणाली, “येते हं, काकू.”

खरं काय आणि खोटं काय, काकूंना अजूनही उमगलं नव्हतं. त्यांनी दाराची कडी घट्ट धरली.

“येते नाही, बाळा,” त्या म्हणाल्या. “जाते म्हण.”