मालकांचं नाव

“आजी, मालकांचं नाव सांगा की!” सुपरवायझर भोसेकर काकुळतीला आले. चंदराबाईंनी मात्र पदर दातांत धरला. नवऱ्याचं नाव असं उघड घ्यायचं कसं? आणि त्यावाचून मोबाईलवरची जनगणना पुढे सरकेना. पुरुषमाणसं बाजाराला गेलेली. शेजारणी पडल्या भावकीतल्या सुना. थोरल्या मामंजींचं नाव त्या तरी कशा घेणार?

मोबाईल होता नव्या प्रगणक वैदेहीच्या हातात. तिनं लोकसाहित्यात एम.ए. केलंय हे कळल्यावर भोसेकर सकाळी जीपमध्ये हसले होते. “गाण्यांनी देश चालतो होय? आज वाडी पुरी झाली नाही, तर उद्यापासून येऊ नका.”

ती जोत्यावर चंदराबाईंना खेटून बसली. “नाव नकाच सांगू, आजी. उखाणा घ्या.”

पदर सुटला, डोळे लकाकले.

“परड्यात फुलली जाई, दारी बांधली गाय,
गेनुजीरावांवाचून माझं पान हलत नाय!”

हशा पिकला. दाराआडच्या सुना अंगणात आल्या. कुणी लाजत, कुणी ठसक्यात आपापल्या धन्याला उखाण्यात गुंफू लागली आणि वैदेहीची बोटं नावं टिपत राहिली. ऊन कलायच्या आत वाडी पुरी झाली.

निघताना चंदराबाईंनी जीप अडवली. “सायेब, आमच्या मालकांची नावं नेली. आता तुमच्या बायकूचं घ्या, मगच जावा!”

भोसेकर कानापर्यंत लाल झाले. “मॅडम,” ते हळूच वैदेहीला म्हणाले, “एखादा जुळवून द्या ना.”

“देते की,” वैदेही म्हणाली. “आणि उद्या जीप किती वाजता येणार, साहेब?”