चार इंजेक्टर आणि एक ड्रीपर

आपल्या शर्यतीच्या गाडीसाठी घेतलेल्या सुपरचार्जरसोबत आलेले, इंजिनात पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर धुळ्याच्या योगराजने मोनालीच्या नशिराबादच्या गॅरेजात तिच्या टेबलावर आपटले. “हेच बसव, रविवारी शर्यत आहे.” मोनाली म्हणाली, “सुपरचार्जर इंजिनात हवा दामटून भरतो, भाऊ. तेवढं पेट्रोल या लहान इंजेक्टरांतून येणार नाही, मोठेच घ्या.” योगराज चिडला की अहिराणीवर यायचा. “कंपनीपेक्षा तुले जास्त समजस का? केळीवालानी पोर तू!” मोनालीने किल्ल्यांच्या जुडग्यातला ठिबक सिंचनाचा, थेंबाथेंबाने पाणी सोडणारा ड्रीपर सोडवून इंजेक्टरांशेजारी मांडला. “केळीवाल्याचीच आहे. मे महिन्यात लहान ड्रीपर लावला की केळी तहानेने करपते. इथे पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापून पिस्टन वितळेल, तोही भर वेगात.” आता धुळ्याची एकही गाडी तुझ्याकडे फिरकू देणार नाही, असं त्याने सुनावलं. तिची निम्मी गिऱ्हाइकं धुळ्याचीच होती. मोनालीने इंजिन उघडून ठेवलेल्या त्याच्या गाडीची चावी त्याच्या हातावर टेकवली. “टेम्पो बोलवा, उचलून न्या. माझ्या हातून कुठलीच गाडी तहानलेली सुटणार नाही.”