कानटोपीची लोकर

दवाखान्याची लाइन बोर्डावर पटकन सापडावी म्हणून मी बाळाची कानटोपी उसवून तिथं लाल लोकर बांधली होती. नगरहून आलेल्या साहेबांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये शिरताच ती हेरली. "हे डोकं कुणाचं? त्या बाईला हवी ती पाळी देतो." सकाळची पाळी मिळाली, तर संध्याकाळी बाळ माझ्यासाठी रडत झोपणार नव्हतं. मी उठणार, तेवढ्यात शेजारच्या शालननं माझा हात दाबला. वाटलं, हीच माझं नाव सांगेल. "माझं, साहेब," ती म्हणाली. बाळाचं पहिलं अंगडं हिनंच शिवलं होतं. "शाब्बास! सोमवारपासून सकाळी या. पोलीस ठाण्याची लाइनही अशीच करा." साहेब गेले. शालन माझ्या खुर्चीशी वाकली. "रागावू नको गं. बाळापाशी सासूबाई तरी आहेत, माझ्या आईपाशी कोण? आणि ऐक, लोकर उरलीय ना?" उरली होती, बाळाच्या एका कानापुरती.