सकाळची सभा

“बाई, तुम्ही जेवलात का?” नवऱ्याने विचारलं आणि तिने मान डोलावली. चाळीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला, तिला या माणसाने बाई म्हणावं! पण रडून रडून डोळे तरी किती सुजवायचे? मेंदूतल्या रक्तस्रावातून तो वाचला, हातपाय धड राहिले, जिभेलाही काही झालं नाही. फक्त बायको, लेक, घरदार, सगळं डोक्यातून पुसून गेलं.

डॉक्टर सुरुवातीला म्हणाले होते, जुन्या गोष्टी बोलत राहा, कधीतरी एखादा धागा सापडेल. परवा मात्र चष्मा पुसत “आशा फार धरू नका” असं म्हणून मोकळे झाले. लेक तर फोनवर चिडायलाच लागली होती. “आई, दगडावर डोकं आपटतेस तू. किती दिवस?”

“मरेपर्यंत,” ती म्हणाली होती. दोघांनी मिळून जगलेलं आयुष्य आता तिच्या एकटीच्या डोक्यात उरलं होतं आणि ते तिला एकटीला पेलत नव्हतं. त्याने एकदा, फक्त एकदा, ‘अगं’ म्हणून हाक मारावी. मग ती वाट्टेल ते सोसायला तयार होती.

तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“ऐका हं. आपण दोघं रेडिओवर निवेदक होतो. एकदमच नोकरीला लागलो. पहिल्याच दिवशी तुम्ही माईक बंद करायला विसरलात आणि ‘अरे, चहा सांगितलाय का कुणी?’ म्हणून ओरडलात. अख्ख्या शहराने ऐकलं.”

तो हसला. “मग?”

“मग साहेबांनी तुम्हाला फैलावर घेतलं आणि मी तुम्हाला चहा पाजला. तिथून सुरुवात.”

“तुमचा आवाज चांगला होता?”

“चांगला? अहो, सकाळची सभा, म्हणजे सकाळचं सगळं प्रसारण, माझ्याकडे होतं! रेडिओ सुरू झाला की पहिला आवाज माझा. लग्नानंतर तुमच्या आईने नाक मुरडलं, तर ‘हिचा आवाज काय चुलीत घालायचा?’ असं सुनावलंत तुम्ही.”

हे ती चारचौघांत नेहमी ऐटीत सांगायची. पुढचं सांगताना मात्र इतक्या वर्षांनीही तिचा आवाज चढायचा.

“एकदा मला जिन्यात चक्कर आली. उपाशीपोटी धावले होते, एवढंच. तर कुणीतरी साहेबांच्या कानाला लागलं. म्हणे हिला फिट येतात, उद्या चालू माईकवर काही झालं तर? झालं! मला उचललं आणि टेपांच्या खोलीत नेऊन बसवलं. मी किती जीव तोडून सांगितलं, पण साहेबांच्या मनातून ते जाईना.”

“कोण होता तो नालायक?” नवऱ्याने तावातावाने विचारलं.

“घोगऱ्या. आपल्याबरोबरचाच निवेदक. आवाज फुटका, डोळा मात्र माझ्या सभेवर. कबूल केलं नाही कधी, पण दुसरं कोण असणार? तुम्ही त्याची कॉलर धरलीत. टेपांच्या खोलीत मी रोज रडायला लागले तेव्हा ‘सोड ती नोकरी, मी आहे ना’ म्हणालात. मी सोडली. साहेबांनी सभा तुम्हाला देऊ केली, तर तुम्ही घेतच नव्हतात! मीच हट्ट धरला. म्हटलं, त्याच्या घशात जाण्यापेक्षा आपल्या घरात राहू दे.”

पुढे त्या सभेनेच नवऱ्याचं नाव झालं. भाजीवालासुद्धा त्याला आवाजावरून ओळखायचा. ती पोळ्या लाटता लाटता रोज त्याला ऐकायची. माईकसमोर ती पुन्हा कधी बसली नाही. त्याचं दुःख होतंच. पण सगळं जग उलटलं तेव्हा एक माणूस आपल्या बाजूने उभा राहिला, या एका गोष्टीवर तिने उरलेला जन्म काढला होता. गेल्या महिन्यात म्हातारा घोगऱ्या फुलं घेऊन दवाखान्यात आला, तर तिने त्याला दारातूनच हाकललं.

नवरा पुढे झुकला. मग हळूच म्हणाला, “साहेबांच्या खोलीला हिरवा पडदा होता.”

पडद्याचं तिने कधीच सांगितलं नव्हतं. “होता! होता हो!”

“पंखा कुरकुरत होता. साहेब बाहीचं बटण लावत होते.”

“आणखी? आठवा ना, आणखी आठवा!”

तो ताडकन उठला. उत्तर आलेल्या पोराचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

“अगं!”

अगं म्हणाला! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. देव पावला. तिने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

“अगं, घोगऱ्या कुठला? तो बिचारा तिथे नव्हताच. साहेबांना तर मीच सांगितलं होतं!”