रश्मीची कॉमेंट्री

“बाबा, तुमाले तो शेपटीवाला तारा दिसते का?”

प्रश्न रश्मीचा नव्हता. मागच्या सीटवरून खुशबूनं डिवचलं होतं, “हिंमत असन तं इचार तुह्या बाबाले.” यात कसली आली हिंमत? रश्मीनं मान वळवून धाडकन विचारून टाकलं. मागच्या सहाजणी खिदळतील असं तिला वाटलं होतं. कोणी हसलं नाही.

सुगतनं शाळेची व्हॅन गावाच्या अलीकडं, एकोडीच्या तलावाच्या मातीच्या पाळीजवळ थांबवली. दहावीचे जादा तास सुटून साकोलीहून निघेपर्यंत हल्ली दिवस मावळायचा. पुढची सीट रश्मीची. तिथं बसून तिनं रस्त्याची कॉमेंट्री करायची, हा बापलेकीचा पोळ्यापासूनचा खेळ. “डावीकडून म्हैस, थेट मैदानात! समोर ट्रॅक्टर, लाईट नाही, बाबा जरा दमानं!” घशाला कोरड पडेपर्यंत ती बोलायची. “तुह्याबिगर गाडीले मजा नाही पोरी,” सुगत म्हणायचा. वर्गात तोंड न उघडणारी रश्मी याच सीटवर बोलकी झाली, आणि परवा भाषणात पहिली आली. सोमवारी तेवढी तापानं घरी राहिली. नेमकी त्याच दिवशी गाडी रस्ता सोडून धानाच्या बांधीत उतरली. “ब्रेकनं दगा देला,” सुगत म्हणाला होता.

रश्मीनं मोबाईलवर धूमकेतू लावला. कुठल्याशा दूरच्या डोंगरावरून कोणीतरी लाईव्ह दाखवत होतं. हिरवं डोकं, वर झाडणीसारखी शेपटी. सुगतनं मोबाईल अगदी नाकाशी धरून पाहिला. मग सगळे पाळीच्या बांधावर चढले. पश्चिमेला शुक्र चमकत होता. बाकी काही सापडेना.

“अवं पोरीहो, तो काय!” सुगतनं हात उंचावला. “मले तं कवाचाच दिसून राहिला. हिरवागार! केवढी शेपटी!”

“कुठं, बाबा?”

रश्मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. त्याच्या बोटाच्या रेषेत तिनं पाहिलं. तिथं आभाळ नव्हतंच. दहा पावलांवर मोहाचं झाड उभं होतं, काळंभोर, गच्च पानांचं.

आणि मग तिला धूमकेतू दिसला. शुक्राच्या उजवीकडे, बराच वर. हिरवा नव्हता. फळ्यावरचा खडू तळहातानं पुसावा तसा पांढुरका, मुका.

खुशबूनं मागून तिचा हात धरला. “सोमवारी तुह्या जागी मी बसली होती,” ती हळूच म्हणाली. “मले कॉमेंट्री येत नाही ना.”

रश्मीनं वळून रस्त्यावरच्या गाडीकडं पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाली, “बाबा, गाडी राहू द्या इथंच. तारा पाहत पायी जाऊ सगळे.”

सुगतनं किल्ली काढली. त्यानं गाडीला कुलूप लावलं आणि लेकीच्या दिशेनं हात पुढं केला. हात थोडा बाजूला गेला. तिनं तो धरला.

घराच्या दारात रश्मीची आई, रत्नमाला, उभी होती. “गाडी कुठं हाये?” तिनं नवऱ्याला विचारलं. मग तिनं बापलेकीच्या एकमेकांत धरलेल्या हातांकडे पाहिलं आणि ती खाली बसली. “पेरनीपासून म्हनून राहिली मी, डोळे दाखवा म्हनून.”

“धान निघू दे, मंग दाखवतो,” सुगत खाटेची कड चाचपत म्हणाला. “तवरिक रश्मी हाये ना संगं.”

रश्मी दोघांच्या समोर उभी राहिली. आवाज भाषणातल्यासारखा खणखणीत निघाला, शेवटी मात्र फाटला.

“आई, बाबा, उद्यापासून मी कॉमेंट्री नाही करत.”