प्रयोगशाळेचा पुरावा

ज्ञान कधीच वाया जात नाही, असं दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजच्या दारावर कोरलेलं होतं. विद्यापीठाला ते मान्य नव्हतं. ओफेलियाने कॉलेजात केलेल्या भूगर्भशास्त्राच्या विषयाला प्रयोगशाळा होती, याचा पुरावा आज मिळाला नाही, तर विद्यापीठातला प्रवेश रद्द होणार होता. ते लिहून देऊ शकणारे, विषय शिकवणारे सर वारले होते. विद्यापीठाच्या प्रवेश सल्लागारासमोर तिने पर्समधून दगड काढला. "आई, ठेव तो आत!" शेजारी बसलेली तिची मुलगी कुजबुजली. "लाज आणशील!" "बाई, हा दगड आहे," सल्लागार म्हणाला. "हो, साहेब. प्रयोगशाळेत मीच फोडलाय. आत अभ्रक आहे, बघा ना." त्याने दगड उलटसुलट केला. तो नाही म्हणाला तर ओफेलियाला जन्मभर फळांच्या गोदामात पीचची खोकी भरणं आलंच. "प्रयोगशाळा होती म्हणायची!" त्याने हसून त्या विषयाचं क्रेडिट मंजूर केलं, ऐच्छिक विषय म्हणून. प्रवेशाला सक्तीचा विज्ञान विषय लागत होता; ऐच्छिक चालत नव्हतं.